टेलिफोनच्या यादीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांदणी चौक मागे पडला की मुळशी तालुका सुरू होतो. भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे ओळीने लागतात. या रस्त्याच्या उत्तरेला टेकड्यांच्या कुशीत लवळे नावाचे गाव आहे. गेल्या वीसेक वर्षांत या गावाच्या शिवारात मोठी शैक्षणिक वस्ती उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या सिम्बायोसिस संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या विद्यापीठाचे विस्तृत आवार लवळ्याच्या टेकडीवर आणि पायथ्याशी पसरलेले आहे. त्याचे रुग्णालयही तेथेच आहे. फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे.

अशा आवारात रोज किती प्रकारची माणसे येत असतील याचा विचार करा. नवा विद्यार्थी, त्याला सोडायला आलेले आईवडील, बाहेरगावचा परीक्षक, शेजारच्या गावातून रुग्णालयात आलेली आजीबाई, भाजीचा टेम्पो घेऊन आलेला चालक. त्यांचे प्रश्न मात्र ठरलेले असतात. अमुक इमारत कोठे आहे? परतीची बस किती वाजता? फलाण्या विभागाचा फोन नंबर काय? दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो? यांपैकी एकाही माणसाच्या काखेत संगणक नसतो. खिशात मोबाइल मात्र असतो.

विद्यापीठाच्या आवारासाठी मोबाइलवर नीट दिसणारे संकेतस्थळ कसे घडवायचे, हा प्रश्न वरवर पाहता नवा आणि निव्वळ तांत्रिक वाटतो. त्याचा इतिहास पाहू लागलो की एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. ज्याला आपण वेब म्हणतो ते माहितीजाल मुळात एका आवारातील माणसांचे असेच किरकोळ प्रश्न सोडवत रुजले. आणि ते सुरुवातीला कोणत्याही पडद्यावर चालत असे. मोठ्या पडद्याची सक्ती नंतर आली. मोबाइलसाठी केलेली पुढची सारी खटपट म्हणजे बऱ्याच अंशी त्या जुन्या शहाणपणाकडे परतणे होते.

सर्नमधील टेलिफोनची यादी

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा आहे. जगभरच्या विद्यापीठांतून हजारो संशोधक तेथे येतात, एखाद-दोन वर्षे काम करतात आणि परत जातात. जाताना त्यांच्याबरोबर माहितीही जाते. कोणता प्रयोग कोणी केला, कोणती आज्ञावली कोणी लिहिली, हे मागे राहिलेल्यांना कळेनासे होते. या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक टिपण लिहिले. एकमेकांना दुव्यांनी जोडलेल्या मजकुराचे जाळे करावे, अशी त्यांची सूचना होती. १९९० अखेर त्यांच्या नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू लागला.

कल्पना चांगली होती, पण ती वापरणार कोण? सर्नमध्ये नाना तऱ्हेची यंत्रे होती. नेक्स्ट संगणक फार थोड्यांकडे होता. बहुतेकांच्या टेबलावर केवळ अक्षरे दाखवणारे साधे टर्मिनल असे. तेव्हा निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने एक अगदी साधा ब्राउझर लिहिला. त्यात चित्रे नव्हती, रंग नव्हते. मजकूर ओळीमागून ओळ दिसे आणि दुव्यांना क्रमांक दिलेले असत. क्रमांक टंकित केला की पुढचे पान उघडे. दिसायला तो फारच गरीब होता. पण तो जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालत होता.

मग वाचण्यासारखी माहिती हवी. सर्नची टेलिफोनची यादी एका महासंगणकावर होती आणि ती पाहण्यासाठी त्या यंत्रावर वेगळा प्रवेश घ्यावा लागे. केवळ नंबर शोधता यावेत म्हणून कित्येक जण पडद्याची एक खिडकी कायम त्या यंत्राला जोडून ठेवत. ती माहिती सांभाळणारे बर्न्ड पोलरमान यांनी यादी या नव्या जाळ्यावर आणली. ती सर्वांना लागत होती, रोज लागत होती आणि आता कोणत्याही टर्मिनलवरून मिळत होती. सर्नमधील पुष्कळ लोकांच्या दृष्टीने सुरुवातीला वेब म्हणजे टेलिफोनची यादी पाहण्याची सोय, एवढाच त्याचा अर्थ होता.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे असे मला वाटते. मोठे शोध मोठ्या गरजांतून लागतात असे आपण मुलांना सांगतो. येथे तसे झाले नाही. कल्पना मोठी होती खरी, पण ती रुजली एका फोन नंबरामुळे.

गोफर आणि लिंक्स

त्याच सुमारास अमेरिकेतील विद्यापीठेही आपापल्या आवाराच्या माहितीसाठी धडपडत होती. मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गोफर ही पद्धत तयार केली. पडद्यावर एक यादी येई: ग्रंथालय, वेळापत्रक, हवामान, दूरध्वनी. एक ओळ निवडली की तिच्या पोटातली यादी उघडे. बस्स, एवढेच. आजच्या मोबाइलवरील एखादे सुटसुटीत संकेतस्थळ पाहिले की या गोफरची आठवण होते. एकाखाली एक ओळी आणि प्रत्येक ओळीमागे एक दार.

कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये आवाराच्या माहितीसाठीच लिंक्स हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर जन्माला आला. पुढे तो वेबवरची पाने दाखवू लागला. लिंक्स अजूनही वापरात आहे.

गोफर वेबपेक्षा आधी लोकप्रिय झाला होता. तो मागे का पडला? कारणे अनेक आहेत, पण एक बोधप्रद आहे. १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या काही वापरासाठी परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी सर्नने वेबची मूळ आज्ञावली सर्वांना विनाशुल्क खुली केली. लोक कोठे गेले ते सांगायला नको. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील केंद्राने मोझाइक हा चित्रांसह पाने दाखवणारा ब्राउझर आणला आणि वेबचे रूप पालटले.

सर्न, मिनेसोटा, कॅन्सस, इलिनॉय. या घडामोडींतील बहुतेक महत्त्वाची ठिकाणे विद्यापीठे किंवा संशोधन संस्था होती, हा योगायोग नव्हे. आवार म्हणजे एक लहानसे गावच असते. त्या गावात दरवर्षी नवी माणसे येतात आणि जुनी जातात, त्यामुळे माहिती सतत नव्याने सांगावी लागते.

आपल्याकडची सुरुवात

भारतात १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट हे शैक्षणिक संगणकजाल सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. पुण्यात या जाळ्याचे केंद्र पुढे आयुकामध्ये झाले.

सर्वसामान्यांसाठी १९९५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली. या दोन घटना पंधरा दिवसांच्या अंतराने घडल्या, तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे तेव्हा फारसे कोणाच्या मनात आले नसेल. मोबाइल बोलण्यासाठी होता आणि इंटरनेट संगणकासाठी.

विदेश संचारच्या स्वस्त खात्यावर चित्रे दिसत नसत. काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे येत आणि पाने पाहण्यासाठी असे तोच, कॅन्ससच्या आवारात जन्मलेला लिंक्स. त्या काळी ज्यांनी संकेतस्थळे साधी ठेवली, त्यांची पाने या खात्यावरही वाचता येत. ज्यांनी मजकुराच्या जागी चित्रे चिकटवली, त्यांच्या पानावर काहीच दिसत नसे. कोणाच्या हाती कोणते यंत्र आहे याचा विचार न केल्यास काय होते, याचा धडा तेव्हाच मिळाला होता.

रुंद पडद्याची सवय

वेबवरच्या पानाचा एक मूळ गुण आहे. त्याला स्वतःची रुंदी नसते. शाळेच्या प्रार्थनेचे उदाहरण घ्या. पटांगण रुंद असेल तर एका रांगेत वीस मुले उभी राहतात. जागा अरुंद असेल तर रांगेत पाचच मुले मावतात आणि रांगा वाढतात. कोणाही मुलाला घरी पाठवावे लागत नाही. वेबवरचा मजकूर असाच वागतो. पडदा अरुंद झाला की शब्द खालच्या ओळीत उतरतात.

मोझाइकनंतरच्या काळात हा गुण दोष वाटू लागला. छापील माहितीपत्रक तयार करणाऱ्यांना प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी असे. त्यांनी पानाची रुंदी बांधून टाकली, आधी ८०० ठिपके, पुढे १०२४. आमच्या प्रार्थनेच्या भाषेत सांगायचे तर रांगेत वीसच मुले उभी राहिली पाहिजेत, मग पटांगण असो वा बोळ.

याबरोबर विद्यापीठांच्या संकेतस्थळांचा हेतूही बदलला. टेलिफोनची यादी आत कोठेतरी गेली आणि दर्शनी पानावर इमारतींची सरकती छायाचित्रे, अध्यक्षांचा संदेश, गौरवाच्या बातम्या आल्या. अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये यावर एक मार्मिक चित्र काढले. त्यात एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे आहेत. एकात विद्यापीठाच्या दर्शनी पानावर असणाऱ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यात लोक तेथे शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्हींच्या सामाईक भागात एकच नोंद आहे: संस्थेचे पूर्ण नाव. अकरावीच्या वर्गात संच शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे. लोक शोधतात त्या वर्तुळात शिक्षकांचे फोन नंबर, शैक्षणिक दिनदर्शिका, उपयोगी पडेल असा नकाशा या गोष्टी आहेत. म्हणजे सर्नमध्ये ज्यापासून सुरुवात झाली, तेच.

फोनवर पान आणण्याचे प्रयत्न

मोबाइलवर वेब आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९८ च्या सुमारास वॅप या नावाने झाला. १९९९ च्या नोकिया ७११० या फोनचा पडदा रुंदीला ९६ आणि उंचीला ६५ ठिपक्यांचा होता. एका वेळी सुमारे १४०० बाइट एवढाच मजकूर त्यात मावे. वॅपसाठी पाने वेगळ्या भाषेत, पत्त्यांच्या जोडासारखी लिहावी लागत. म्हणजे एका आवाराची माहिती दोन वेळा लिहायची आणि दोन वेळा सुधारायची. ज्याने शाळेत दोन हजेरीपट सांभाळले आहेत त्याला याचा शेवट माहीत आहे. त्यातला एक काही दिवसांतच जुना पडतो.

विद्यापीठांपुरते बोलायचे तर सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने केला. (पुण्याच्या एमआयटीचा हिच्याशी संबंध नाही.) २००८ च्या सुमारास त्यांनी आवारासाठी खास मोबाइल संकेतस्थळ तयार केले. त्यात काय ठेवले ते पाहण्यासारखे आहे: माणसांची यादी, आवाराचा नकाशा, बसचे वेळापत्रक, कार्यक्रमांची दिनदर्शिका, अभ्यासक्रमांची माहिती आणि आणीबाणीचे नंबर. सरकती छायाचित्रे नव्हती. चालत्या माणसाला काय लागते, एवढाच निकष होता.

ब्राउझर पान मागताना स्वतःची ओळख सांगतो. तिच्यावरून येणारा फोन कोणत्या प्रकारचा आहे हे सर्व्हर ठरवत असे. स्पर्शपडद्याच्या फोनला एक रूप, जरा बऱ्या फोनला दुसरे, अगदी साध्या फोनला तिसरे. माहिती मात्र एकाच जागी. ही आज्ञावली इतरांसाठी खुली करण्यात आली आणि वेस्ट व्हर्जिनियासारख्या दुसऱ्या विद्यापीठांनी तिचा उपयोग करून घेतला. पद्धतीत एक अडचण होती. बाजारात सतत नवे फोन येत आणि ओळखपत्रांची यादी सतत अपुरी पडे.

दरम्यान २००७ मध्ये आयफोन आला. त्याचा पडदा ३२० ठिपके रुंद होता, पण जुनी रुंद पाने मोडू नयेत म्हणून त्याचा ब्राउझर आपली रुंदी ९८० आहे असे भासवत असे आणि मग सगळे पान आकसून दाखवत असे. हिशेब करा. ९८० चे ३२० म्हणजे जवळपास एक तृतीयांश. १६ ठिपक्यांचे अक्षर साधारण ५ ठिपक्यांचे होणार. रोमन अक्षर एवढ्या जागेत कसेबसे ओळखता येईल. देवनागरीला वर मात्रा, मध्ये शिरोरेषा आणि खाली उकार हवा. पाच ठिपक्यांत ‘मुळशी’ लिहून पाहा, चौकटीच्या कागदावर. जमणार नाही.

या गोंधळातून वाट दाखवली ती इथन मार्कोट यांच्या मे २०१० मधील एका लेखाने. फोनची यादी करूच नका, असे त्यांचे म्हणणे होते. पानातील भागांची रुंदी ठिपक्यांत न देता टक्क्यांत द्या. चित्रांना जागेप्रमाणे लहान होऊ द्या. आणि पानालाच सांगून ठेवा की पडदा अमुक रुंदीपेक्षा अरुंद असेल तर शेजारचा स्तंभ खाली उतरव. एकच पान, एकच मजकूर. त्यासाठी लागणारे नियम ब्राउझरमध्ये येऊ लागले होते आणि २०१२ मध्ये त्यांना अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. पाहा, प्रार्थनेच्या रांगा पुन्हा पटांगणाप्रमाणे उभ्या राहू लागल्या. पेलोबाईंच्या ब्राउझरमध्ये हेच होत होते.

मराठी अक्षरांची वेगळी गोष्ट

मराठी पानाला आणखी एक डोंगर ओलांडायचा होता. त्या गोष्टीत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे बरेच काम केले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली होती.

मानक असूनही वेबवर बरीच वर्षे अनागोंदी होती. प्रत्येक मराठी संकेतस्थळ आपला फॉन्ट वापरी. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट आपल्या यंत्रात नसेल तर पानावर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. संगणकात फॉन्ट भरता तरी येई, फोनमध्ये तेही शक्य नव्हते.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५. क्रमांक मिळाला तरी काम संपत नाही. ‘विद्यापीठ’ हा शब्द साठवताना आधी ‘व’ आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. ‘द’, हलन्त आणि ‘य’ मिळून ‘द्य’ घडवावा लागतो. ही घडवणूक न जमणारे फोन ‘विद्यापीठ’ची मोडतोड करून दाखवत. ऑपेरा मिनी या छोट्या ब्राउझरने त्यावर एक युक्ती काढली होती. मजकूर दूरच्या सर्व्हरवरच घडवून तो चित्रासारखा फोनकडे पाठवण्याची सोय त्यात होती. अँड्रॉइड फोनवर देवनागरी नीट दिसू लागली ती २०१२ च्या सुमारास.

जागेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मुळशी’मध्ये पाच चिन्हे आहेत: म, उकार, ळ, श, वेलांटी. म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीत तेच नाव सहा बाइटांत बसते. लघुसंदेशात तर फरक चटकन जाणवतो. १४० बाइटांच्या एका संदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी चिन्हे फक्त ७०. मराठीत सूचना पाठवणाऱ्या शाळांचा संदेश अर्ध्यावर का तुटत असे, त्याचे कारण हे. मात्र हा तोटा पानांच्या बाबतीत बराच भरून काढता येतो. तिन्हींपैकी पहिला बाइट नेहमी तोच असतो, दुसराही दोनांपैकी एकच असतो आणि तोचतोचपणा असलेला मजकूर दाबून खूप लहान करता येतो. त्यामुळे बाइट वाचवण्यासाठी मराठी टाळावी, या युक्तिवादात फारसे तथ्य नाही.

डोंगर आणि लहरी

आता पुन्हा मुळशीकडे येऊ. तालुक्याचा पूर्व भाग पुण्याला चिकटलेला आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल याच तालुक्यात येते. पश्चिमेला मुळशी धरण आणि त्यापलीकडे ताम्हिणीचा घाट. एकाच तालुक्यात देशातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि डोंगराच्या आडोशाला संदेश न पोहोचणाऱ्या वाड्याही.

याचे कारण भौतिकीच्या पुस्तकात आहे. ९०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या मोबाइल लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, २३०० मेगाहर्ट्झची सुमारे १३ सेंटिमीटर. अडथळा लहरीच्या लांबीच्या मानाने प्रचंड मोठा असेल तर त्याच्या मागे सावली पडते. शेकडो मीटर उंचीच्या डोंगरामागे या लहरी फारच थोड्या वळतात. आखूड लहर आणखी कमी वळते. म्हणून मनोरा शेजारच्या खोऱ्यात असूनही इकडे फोन हताश असतो. टेकडीच्या माथ्यावर आणि पायथ्याशी वेग वेगळा असू शकतो.

अशा ठिकाणी पान किती जड आहे याला महत्त्व येते. क्षीण जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ४० हजार बिट मिळतात असे धरा. दहा लाख बाइटांचे, म्हणजे ८० लाख बिटांचे पान उतरायला २०० सेकंद लागतील. सव्वातीन मिनिटांहून अधिक. तोवर बस निघून जाईल. उलट, १०० विभागांची नावे आणि नंबर असलेली मराठी यादी घ्या. प्रत्येक नोंदीला ६० चिन्हे धरली तरी ती १८ हजार बाइटांत बसते. तिला चार सेकंदही लागत नाहीत, आणि दाबून पाठवली तर त्याहूनही कमी. जलद जोडण्या आता सर्वत्र आल्या, मग ही काटकसर कशाला, असे कोणी विचारील. सरासरी वेग वाढला हे खरे, पण अडलेला माणूस नेमका सरासरीच्या खाली उभा असतो.

येथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीनुसार भारतात मोबाइलवरून होणारा वेबचा वापर संगणकावरच्या वापराच्या पुढे २०१२ मध्येच गेला. साऱ्या जगात तसे होण्यास २०१६ उजाडले. आपल्याकडे असंख्य घरांत संगणक कधी आलाच नाही, थेट फोन आला. त्या घरातील मुलीने विद्यापीठाचा प्रवेश अर्ज फोनवर उघडला आणि शेवटचे बटण पडद्याबाहेर राहिले, तर विद्यापीठाचे दार तिच्यापुरते बंद असते. आत कोणी तिला नाही म्हटलेले नसते. म्हणूनच ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुळशीला हा अनुभव एका अर्थाने जुना आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले. त्याचे पाणी भिऱ्याला उतरून त्यावर झालेली वीज मुंबईकडे गेली. तंत्रज्ञान गावात आले आणि त्याचा उपयोग दुसऱ्यांना झाला. सिम्बायोसिसची जुनी वास्तू पुण्यात ज्या रस्त्यावर आहे, त्याला सेनापती बापटांचेच नाव आहे. लवळ्याच्या आवाराचे पान शेजारच्या गावातल्या आजीबाईंच्या नातवाला मराठीत, त्याच्या साध्या फोनवर वाचता येते की नाही, हा प्रश्न या इतिहासाच्या प्रकाशात पाहिला पाहिजे.

मग आवाराचे पान कसे असावे?

इतिहासातून निघणारी उत्तरे साधी आहेत. आधी विचारावे, काय शोधायला लोक येतात? त्यासाठी फाटकावरच्या रखवालदारासारखा जाणकार दुसरा नाही. त्याला दिवसभर विचारले जाणारे पहिले दहा प्रश्न हेच दर्शनी पान. फोन नंबर चित्रात न लिहिता मजकुरात लिहावा, म्हणजे त्यावर बोट ठेवताच फोन लागतो. बसचे वेळापत्रक स्कॅन केलेल्या कागदाच्या रूपात देऊ नये. नकाशा द्यावा, पण त्याखाली दोन वाक्यांत रस्ताही सांगावा. नकाशा उतरला नाही तरी वाक्ये उतरतात. मराठी मजकूर इंग्रजीच्या पोटात लपवू नये. आणि माहिती एकाच ठिकाणी ठेवावी, नाहीतर दोन हजेरीपटांची गत होते.

वेगळे अ‍ॅप करावे की संकेतस्थळ, असेही विचारले जाते. वर्षानुवर्षे राहणाऱ्या विद्यार्थ्याला अ‍ॅप उपयोगी पडेल. एका दिवसापुरत्या आलेल्या पाहुण्याने किंवा रुग्णाने मात्र आधी अ‍ॅप उतरवून घ्यावे ही अपेक्षा चुकीची आहे. पत्ता उघडला की पान दिसले पाहिजे.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. जवळच्या महाविद्यालयाचे किंवा आपल्याच शाळेचे संकेतस्थळ घ्या. मुलांचे दोन गट करा. एका गटाने दर्शनी पानावरील गोष्टींची यादी करावी. दुसऱ्या गटाने पालक, नवा विद्यार्थी आणि आवारातला सफाई कामगार यांना भेटून त्यांना काय हवे असते ते लिहून आणावे. दोन वर्तुळे काढून सामाईक भागात काय उरते ते पाहा. मग शिक्षकखोलीतला सर्वांत जुना फोन मागून घ्या, त्यावर मुख्याध्यापकांचा दूरध्वनी क्रमांक शोधायला सांगा आणि घड्याळ लावा. लागलेले सेकंद फळ्यावर लिहा. पस्तीस वर्षांपूर्वी सर्नमधील लोकांना जे एका क्रमांकासरशी मिळत होते, ते आपल्याला किती वेळात मिळते, हे त्यावरून कळेल.